मालक नादारीत गेल्यावर वेतन करार कसा राखावा: कामगार संघटनेसाठी मार्गदर्शन

कारखान्याच्या गेटवर नादारीची जाहीर सूचना लागली की त्या दिवशीच्या गेट सभेत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, पगार कधी होणार. आणि दुसरा, आपला करार राहिला की गेला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पदाधिकाऱ्यांनी ठामपणे द्यावे, की करार राहिला आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये असे एकही कलम नाही, की ज्याच्या आधारे केवळ अर्ज दाखल झाला म्हणून वेतन करार रद्द होतो. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात न्यायालयाच्या परवानगीने सामूहिक करार मोडण्याची स्वतंत्र तरतूद १९८४ पासून आहे. आपल्या कायद्यात तशी वाट मालकाला दिलेली नाही.

परंतु हे उत्तर देऊन स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. आपल्याकडे करार एका आदेशाने मोडत नाही, तो कागदोपत्री विरून जातो. त्यातली थकलेली वाढ दाव्यात लिहिली जात नाही, नोकरीच्या सलगतेचा शब्द कंपनी घेणाऱ्या नव्या मालकाच्या निराकरण आराखड्यात, म्हणजे कंपनी पुढे कशी चालवणार व देणी कशी फेडणार याच्या योजनेत, येत नाही, आणि संहितेच्या कलम ३१ प्रमाणे एकदा मंजूर झालेला आराखडा कामगारांवरही बंधनकारक असतो. घनश्याम मिश्रा प्रकरणात १३ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आराखड्यात न आलेले जुने दावे त्याच्या मंजुरीबरोबर संपुष्टात येतात. म्हणून करार राखणे याचा या काळातला अर्थ असा, की करारातील प्रत्येक कलम वेळेत एकतर रुपयांच्या आकड्यात दाव्यात उतरवायचे, नाहीतर शब्दांत आराखड्यात उतरवायचे. पुढील सर्व मजकूर हे कसे करावे याविषयी आहे.

चाहूल लागताच

नादारी एका रात्रीत येत नाही. पगारातून कापलेले कामगार पतपेढीचे हप्ते पतपेढीत पोहोचत नाहीत, भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात महिन्यांची भोके दिसू लागतात, विमा हप्ता चुकल्याचे पत्र एखाद्या कामगाराच्या घरी येते. या खुणा दिसल्या की लेखी मागणीपत्र द्यावे आणि त्याची पोहोच जपावी, कारण थकबाकी मागितली होती आणि ती मिळाली नाही हे पुढे दाव्यासोबत दाखवावे लागते. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त संघटनेला कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, १९७१ यातील अनुसूची ४ च्या नोंद ९ खाली, म्हणजे करार न पाळल्याबद्दल, औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते. ती नादारीपूर्वी केलेली असली आणि आदेश हाती असला, तर तो आदेश दाव्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. नादारीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की कलम १४ ची स्थगिती लागू होते आणि कंपनीविरुद्धचे दावे व वसुलीची कारवाई, कामगार न्यायालयातील प्रकरणे धरून, जागच्या जागी थांबतात.

संघटनेने स्वतःहून नादारीचा अर्ज करावा का, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. कायद्याने ते शक्य आहे. जे. के. जूट मिल मजदूर मोर्चाच्या प्रकरणात ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत कामगार संघटनेला आपल्या सभासदांच्या वतीने असा अर्ज करता येतो असा निकाल दिला, त्यामुळे प्रत्येक कामगाराने वेगळा अर्ज करण्याची गरज उरली नाही. २४ मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपयांवर नेण्यात आली आहे. आधी मागणीची नोटीस द्यावी लागते, दहा दिवस थांबावे लागते, आणि रकमेविषयी आधीपासूनच खरा वाद असल्याचे कंपनीने दाखवले तर अर्ज फेटाळला जातो. माझे मत असे, की हे शस्त्र शेवटचे समजावे. चालू कारखान्याचा कारभार धनकोंच्या, म्हणजे मुख्यतः कर्ज दिलेल्या बँकांच्या, समितीच्या हाती जातो आणि त्या समितीत कामगारांना मत नसते, हे सभासदांना सांगितल्याशिवाय असा ठराव मांडू नये.

पहिले चौदा दिवस

राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार अंतरिम निराकरण व्यावसायिकाकडे जातो, ज्याला बोलण्यात सगळे आयआरपी म्हणतात. पुढे समितीने त्याला किंवा दुसऱ्याला कायम केले की तो आरपी होतो. नेमणुकीनंतर तीन दिवसांत त्याने एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यायची असते. दावे दाखल करण्याची मुदत नेमणुकीपासून चौदा दिवसांची असते. उशिरा दावा घेण्याची सोय नियमांत आहे, मात्र तिच्या भरवशावर राहू नये, कारण समिती कोणाची, किती थकबाकीची, याचा हिशेब या पहिल्या दाव्यांवरच बसतो.

कामगाराने स्वतः करायचा दावा नमुना ड मध्ये असतो, आणि अनेकांच्या वतीने अधिकृत प्रतिनिधीने एकत्र करायचा दावा नमुना ई मध्ये असतो. जाहीर सूचनेत ही नावे बहुधा ‘फॉर्म डी’ आणि ‘फॉर्म ई’ अशी दिसतील. संघटनेने फॉर्म ई निवडावा. त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव, प्रतिनिधीचे नाव, संघटनेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि प्रत्येक कामगाराच्या सहीचे अधिकारपत्र लागेल. ते अधिकारपत्र साधे, एका पानाचे असावे आणि त्यात टोकन क्रमांक, खाते क्रमांक आणि वारसाचे नाव असावे. दुसऱ्या संघटनेचे किंवा कोणत्याच संघटनेचे सभासद नसलेले कामगार आले, तर त्यांनाही यादीत घ्यावे. कारखान्यात दोन संघटना असतील, तर एकाच नमुन्यातील तक्ता वापरण्याचे तरी आपसात ठरवावे. एकाच कामगाराचे नाव दोन दाव्यांत दोन वेगळ्या रकमांनी आले, की आरपी दोन्ही रकमा बाजूला ठेवतो.

कागदपत्रांचे म्हणाल तर गेल्या तीन करारांच्या सही-शिक्क्यासह प्रती, कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोरील नोंदी, नेमणूकपत्रे, पगाराच्या स्लिपा, बँकेची पासबुके, हजेरीचे उतारे आणि मागणीपत्रांच्या पोहोची एकत्र कराव्यात. करार औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) खाली समेटात झाला, की थेट दोघांत कलम १८(१) खाली झाला, हे पहिल्या पानावरच लिहावे, कारण समेटातील करार सर्व कामगारांना बांधतो आणि थेट करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असल्यामुळे करार कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या तारखेस झाला, हे दाव्यात नमूद करणे आता अधिकच आवश्यक झाले आहे. कराराची मुदत संपली म्हणून आरपीच्या कार्यालयाने तो बाजूला ठेवला, तर घाबरून जाऊ नये. औद्योगिक विवाद कायद्याखालील करार, मुदत सरल्यावरही, एका पक्षाने तो संपवण्याची लेखी सूचना देऊन दोन महिने उलटेपर्यंत बंधनकारक राहतो. अशी सूचना कोणी दिली होती का, एवढेच विचारावे.

थकबाकीचा तक्ता

या कामात सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. बहुतेक संघटना थकलेले पगार मोजतात आणि थांबतात, आणि करारातून मिळालेले खरे धन तेथेच सुटते.

एक उदाहरण घेऊ. एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहे आणि त्याची नोकरी वीस वर्षांची आहे. करारात तीन टप्प्यांत वाढ ठरली होती. पहिला टप्पा मिळाला, आणि मूळ पगारातील एक हजार रुपयांचा दुसरा टप्पा अठरा महिन्यांपूर्वी लागू व्हायला हवा होता, तो कंपनीने ‘परिस्थिती सुधारल्यावर देऊ’ म्हणून रोखला. या एका टप्प्याची थकबाकी १८,००० रुपये होते. आता ग्रॅच्युइटी पाहा. ती सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, मोजतात. २६,००० वर ती ३,००,००० रुपये येते, आणि करारानुसार असलेल्या २७,००० वर ती ३,११,५३८ रुपये येते. न दिलेल्या एका हजाराने ग्रॅच्युइटीतून आणखी साडेअकरा हजार नेले, आणि भविष्य निर्वाह निधीतील फरक अजून मोजलेलाच नाही. असे सहाशे कामगार असतील, तर फक्त अठरा महिन्यांच्या या वाढीची रक्कम १ कोटी ८ लाख रुपये होते. एवढी रक्कम दाव्यात आली की नाही, यावर समितीच्या बैठकीचे निमंत्रण मिळणे न मिळणे ठरू शकते, हे पुढे दिसेल.

म्हणून तक्त्यात थकलेला पगार, करारातील न दिलेली वाढ, महागाई भत्त्यातील फरक, जादा कामाचे पैसे, साठलेल्या रजेचे पैसे, बोनस, करारात ठरलेले इतर भत्ते, ग्रॅच्युइटी, आणि भविष्य निर्वाह निधीत न भरलेला कामगाराचा व मालकाचा हिस्सा यांचे वेगवेगळे रकाने असावेत. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर कराराचे कलम लिहावे आणि रक्कम महिन्यागणिक मांडावी. ‘एकूण थकबाकी’ असा एकच आकडा कधीही देऊ नये, कारण कोणती रक्कम कोणत्या महिन्याची, यावर पुढे तिचा क्रम ठरतो. अजून नोकरीत असलेल्यांची ग्रॅच्युइटी देयच झालेली नाही, असे उत्तर मिळू शकते. तरीही ती स्वतंत्र रकान्यात लिहावी आणि नक्की आकडा ठरत नसेल, तर अंदाजाने रक्कम धरण्याची नियमांतील तरतूद दाखवावी.

पगारातून कापून न भरलेले पतपेढीचे हप्ते, विमा हप्ते आणि राज्य विम्याची वर्गणी यांचा वेगळा तक्ता करावा आणि हे पैसे कंपनीचे नव्हतेच, ती फक्त मधली वाहक होती, ही भूमिका त्यावर स्पष्ट लिहावी. पतपेढीलाही स्वतःचा दावा दाखल करायला सांगावे. थकलेल्या हप्त्यांमुळे कामगारच थकबाकीदार ठरतो आणि त्याच्या जामीनदाराला नोटीस जाते; घरी येणारी ही नोटीस पगार थांबण्यापेक्षाही माणसाला जास्त खचवते, हे मी जवळून पाहिले आहे.

याच टप्प्यावर ‘कामगार’ आणि ‘कर्मचारी’ हा भेद नीट सोडवावा. नादारी संहितेत कामगार म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील कामगार. अवसायनात, म्हणजे कंपनी गुंडाळून तिची मालमत्ता विकली जाते तेव्हा, त्याची चोवीस महिन्यांची देणी वरच्या क्रमांकावर येतात, तर इतर कर्मचाऱ्यांची फक्त बारा महिन्यांची, आणि तीही एक पायरी खाली. कंपन्या कामगारांना ‘ज्युनिअर ऑफिसर’ किंवा ‘टीम लीडर’ अशी पदे देतात आणि ती या वेळी अंगाशी येतात. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय होते, हे महत्त्वाचे असते. त्यामुळे अशा प्रत्येकाचे रोजच्या कामाचे वर्णन, रजा मंजूर करण्याचा अधिकार नव्हता याचा पुरावा आणि मशीनवरील नोंदवहीतील सह्या जोडाव्यात.

कंत्राटी कामगारांना विसरू नये. कंत्राटदाराने पगार दिला नाही, तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे तत्त्व कायद्यात आहे; त्यांच्या नावांची यादी आणि गेट पास आजच जमवावेत, कारण कंत्राटदार सर्वांत आधी नाहीसा होतो.

दावा दिल्यावर आरपी पडताळणी करून धनकोंची यादी प्रसिद्ध करतो. ती यादी नाव न नाव तपासावी. रक्कम कमी धरली असेल, तर आधी लेखी कारण मागावे आणि समाधान झाले नाही, तर कलम ६०(५) खाली न्यायाधिकरणात अर्ज करावा. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे आणि पुरेसे कारण असेल तरच आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे दार बंद होते.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी

हे पैसे बाकीच्या थकबाकीत मिसळू देऊ नयेत. कलम ३६(४) प्रमाणे भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगारांना देय असलेल्या रकमा अवसायनाच्या मालमत्तेत येत नाहीत, म्हणजे बँकांबरोबर त्यांची वाटणीच होत नाही. जेट एअरवेजच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण देण्याचा आदेश यशस्वी बोलीदाराला, म्हणजे कंपनी घेण्यासाठी ज्याचा आराखडा मंजूर झाला त्याला, दिला आणि ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्याच प्रकरणाचा पुढचा भागही लक्षात ठेवावा: आराखडा प्रत्यक्षात उतरलाच नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. मंजूर झालेला आराखडा आणि हातात पडलेला पैसा यांत किती अंतर असू शकते, हे त्यातून कळते.

ग्रॅच्युइटीच्या बाबतीत कंपनीने स्वतंत्र निधी किंवा विमा कंपनीकडे गट योजना ठेवली होती का, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारावे. निधी नसेल, तर अवसायकाने, म्हणजे अवसायनाचे काम पाहणाऱ्याने, तो मालमत्तेतून उभा करावा का, यावर वाद घातला जातो, आणि तो वाद अवसायनाच्या वेळी सुरू करण्यापेक्षा आराखड्याच्या वेळीच मिटवलेला बरा. भविष्य निर्वाह निधीसाठी संघटनेने निधी कार्यालयाकडे थकबाकी निश्चित करण्याची कलम ७अ ची चौकशी तातडीने पूर्ण करण्याची मागणी करावी आणि त्या कार्यालयाने स्वतःचा दावा मुदतीत दिला की नाही, याची प्रत मागून खात्री करावी. हे काम त्या कार्यालयाचे आहे म्हणून सोडून दिले, तर नुकसान मात्र सभासदाचे होते.

कारखाना आरपीच्या ताब्यात असताना

या काळातील पगार हा वेगळा विषय आहे. आरपीने कारखाना चालू ठेवला आणि कामगारांनी त्यात काम केले, तर त्या काळाचा पगार प्रक्रियेचा खर्च ठरतो आणि तो सर्वांच्या आधी, पूर्ण द्यावा लागतो. पण एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात १९ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अट घातली, की आरपीने उद्योग खरोखर चालू ठेवला होता आणि त्या कामगारांनी प्रत्यक्ष काम केले होते, हे सिद्ध व्हायला हवे. नुसते पटावर असणे पुरेसे नाही.

त्यामुळे हजेरीचा पुरावा संघटनेने स्वतः राखावा. माझ्या माहितीतील एका कारखान्यात नादारी लागल्यावर हजेरीचे यंत्र बंद पडले ते कोणी दुरुस्त केलेच नाही. बॉयलर, पंप हाऊस आणि सबस्टेशन मात्र रोज चालू होते आणि तिथली माणसे तिन्ही पाळ्यांना येत होती. तेथील पाळीप्रमुखाने शाळेच्या मुलाची दोनशे पानी वही घेतली, प्रत्येक पानावर तारीख, पाळी, टोकन क्रमांक, केलेले काम आणि सही असे रकाने आखले, आणि दर संध्याकाळी त्या पानाचा फोटो आरपीच्या ईमेलवर पाठवला. कोणाचेही उत्तर आले नाही, आणि कोणी हरकतही घेतली नाही. अकरा महिन्यांनी हिशेबाला बसल्यावर त्या वहीखेरीज दोन्ही बाजूंकडे दुसरा कागद नव्हता. ज्यांना काम दिले जात नाही त्यांनीही घरी बसू नये. आम्ही कामावर हजर आहोत, काम द्या, असे पत्र दर आठवड्याला संघटनेमार्फत जावे.

आरपीला करारातील अटी आपल्या मर्जीने बदलण्याचा अधिकार संहितेने दिलेला नाही. पगारकपात, पाळ्यांतील बदल किंवा भत्ता बंद झाल्याची सूचना लागली, तर बदलाच्या सूचनेविषयीच्या कामगार कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी. संहिता इतर कायद्यांवर वरचढ ठरते, असे कलम २३८ दाखवून सांगितले जाईल. त्यावर विचारायचे एवढेच, की विसंगती कोणत्या कलमाशी आहे. कारण जेथे विसंगती असेल तेथेच ते कलम लागू पडते. आणि कोणत्याही सभासदाने या काळात राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा कागदावर संघटनेला दाखवल्याशिवाय सही करू नये. अडचणीतल्या माणसाला वीस हजारांचे आमिष दाखवून वीस वर्षांची सलगता लिहून घेतली जाते.

आणखी एक काम कामगारच करू शकतात. नादारीपूर्वी कारखान्यातून काय बाहेर गेले, हे गेटवरच्या माणसाला ठाऊक असते. रात्रपाळीत उचललेली मशीन, मालकाच्या नातेवाइकाच्या कंपनीकडे गेलेले डाय आणि साचे, भंगाराच्या नावाखाली विकलेला तयार माल यांच्या तारखा आणि वाहनांचे क्रमांक आठवून लिहावेत आणि आरपीला द्यावेत. नात्यातील व्यक्तींशी केलेले पक्षपाती व्यवहार दोन वर्षे मागेपर्यंत आणि इतरांशी केलेले एक वर्ष मागेपर्यंत रद्द करून घेता येतात. परत आलेली प्रत्येक वस्तू शेवटी वाटणीत भर घालते.

समिती आणि आराखडा

निर्णय घेते ती धनकोंची समिती, आणि ती मुख्यतः बँका व वित्तसंस्थांची असते. कामगारांना तेथे मत नसते. मात्र कामगारांसह सर्व परिचालन धनकोंची, म्हणजे पुरवठादार वगैरेंची, थकबाकी एकूण कर्जाच्या दहा टक्के किंवा अधिक असेल, तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीची सूचना मिळते आणि बसता येते. वरचा १ कोटी ८ लाखांचा आकडा येथे उपयोगी पडतो. पुरवठादारांशी संपर्क ठेवावा. त्यांचे आणि आपले हित या एका बाबतीत जुळते. कंपनीला वित्तीय धनकोच, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँका वगैरे, नसतील, तर समिती अठरा मोठ्या परिचालन धनकोंची बनते आणि तीत कामगारांनी निवडलेला एक व कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी मतासह बसतो. अशी वेळ क्वचितच येते, पण आली तर प्रतिनिधीची निवड सभेत, नोंदीसह करावी.

मत नाही म्हणून बोलणे थांबवू नये. खरी वाटाघाट बोलीदाराशी होते आणि ती समितीच्या मतदानाआधी व्हायला हवी. आराखड्याला ६६ टक्के मते मिळाली, की समितीच्या व्यावसायिक निर्णयाचा गुणदोष न्यायाधिकरण तपासत नाही. कलम ३०(२) मधील अटी पाळल्या का, एवढेच पाहते. त्यांत एक अट परिचालन धनकोंना किमान अवसायनात मिळाले असते तेवढे देण्याची आहे. हे किमान अनेकदा फारच थोडे असते, म्हणून केवळ त्यावर विसंबून लढत उभी करू नये.

बोलीदाराकडून लेखी मागायचे ते हे, की सर्व कायम कामगारांची सेवा सलग धरली जाईल, चालू वेतन करार त्याच्या तारखेसह आराखड्यात नमूद होईल व पुढील करार होईपर्यंत पाळला जाईल, ग्रॅच्युइटीसाठी जुनी सेवा मोजली जाईल, आणि भविष्य निर्वाह निधीची थकबाकी पूर्ण भरण्यासाठी रक्कम वेगळी ठेवली जाईल. ‘कामगारांचे हित जपले जाईल’ अशा वाक्याला काहीही किंमत नाही. नव्या मालकाने कामगारसंख्या किंवा पगार कमी करण्याची अट घातली, तर तिला सरसकट नकार देण्यापूर्वी आकडे मागावेत. सभासदांना काही सोडावेच लागले, तर भत्ता किंवा प्रोत्साहन रक्कम ठरावीक मुदतीपुरती गोठवावी, मुदत संपताच ती आपोआप परत लागू होईल असे लिहून घ्यावे, आणि मूळ पगार व महागाई भत्त्याला हात लावू देऊ नये, कारण ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी त्यांच्यावरच उभे असतात. असा समझोता समेट अधिकाऱ्यासमोर करावा, म्हणजे तो सर्वांना बांधील. निर्णय सभेत, गुप्त मतदानाने घ्यावा; चार पदाधिकाऱ्यांनी बंद खोलीत दिलेली सवलत सभासद विसरत नाहीत, आणि विसरूही नये.

अवसायन झाले तर

आराखडा आला नाही किंवा फेटाळला गेला, तर अवसायनाचा आदेश होतो आणि कलम ३३(७) प्रमाणे तो आदेशच कामगारांना सेवामुक्तीची सूचना मानला जातो. अवसायक उद्योग चालू ठेवत असेल तर मात्र नाही. म्हणून कारखाना चालू स्थितीत विकण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करावी. दावाही नव्याने, तीस दिवसांच्या आत द्यावा.

वाटपात प्रक्रियेचा व अवसायनाचा खर्च आधी जातो. त्यानंतर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेल्या बँका एकाच पायरीवर, प्रमाणात येतात. समजा खर्च जाऊन दहा कोटी उरले, कामगारांचे पाच कोटी आहेत आणि बँकांचे पंचेचाळीस कोटी. पन्नास कोटींच्या देण्यांना दहा कोटी, म्हणजे रुपयाला वीस पैसे. कामगारांच्या वाट्याला एक कोटी येतो. एखाद्या बँकेने तारण स्वतःकडे ठेवून विकले, तरी कामगारांच्या या हिश्श्यापोटीची रक्कम तिला अवसायकाकडे भरावी लागते. ती भरली का, हे विचारत राहावे. या हिशेबात भविष्य निर्वाह निधीची रक्कम चुकूनही पाच कोटींत मिळवू नये, नाहीतर पूर्ण मिळायचे पैसे वीस पैशांवर येतात.

आणखी एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही. हे चोवीस महिने अवसायनाच्या आदेशापासून मागे मोजतात, नादारीच्या अर्जापासून नाही. प्रक्रिया दोन वर्षे रेंगाळली, तर त्याआधी थकलेला पगार या पायरीवरून घसरून खालच्या, जवळजवळ रिकाम्या पायरीवर जातो. संहितेने सर्व मुदतवाढी आणि कोर्टकचेरी धरून ३३० दिवसांची मर्यादा ठरवली आहे. ती ओलांडली जात असेल, तर प्रत्येक मुदतवाढीच्या अर्जावर संघटनेने आपले म्हणणे नोंदवावे आणि त्यात या घसरणीचा महिन्यागणिक आकडा द्यावा. कंपनी बंद करण्याच्या कारवाईत कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या डिसेंबरमध्येच, नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या प्रकरणात, बहुमताने मान्य केले. तो निकाल जुन्या कंपनी कायद्याखालील असला, तरी न्यायाधिकरणासमोर तो आवर्जून मांडावा.

वाटप होईपर्यंत वर्षे जातात आणि त्या काळात माणसे गाव बदलतात, बँक खाती बंद होतात, काही जण राहत नाहीत. संघटनेच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवावी आणि तीत दर सहा महिन्यांनी प्रत्येक सभासदाचा पत्ता, चालू खाते आणि वारस यांची नोंद ताजी करावी. मृत सभासदांच्या घरी पदाधिकाऱ्याने स्वतः जाऊन मृत्यूचा दाखला व वारसाची कागदपत्रे घ्यावीत आणि ती दावा क्रमांकासह अवसायकाकडे देऊन त्याची पोहोच त्या कुटुंबाच्या हाती ठेवावी.